एक किलो हवा

मला हवेचा राग येतो. वादळाचा किंवा लूच्या झळांचा नाही, साध्या, आपण श्वास घेतो त्या हवेचा. तिला वजन असतं हे मी पॉलिटेक्निकात शिकलो, आणि ते अर्धवट शिकल्यामुळे एका माणसाचं आयुष्यभराचं काम गेलं. बॉयलरच्या गप्पा निघाल्या की मी लोकांना तासन् तास बसवून ठेवतो, पण ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. भिवंडीत निजामपुऱ्याच्या मागच्या अंगाला एका सायझिंगमध्ये मी देखभालीच्या कामाला लागलो. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावायचा कारखाना. सूत गरम खळीतून बुडून निघतं आणि वाफेने तापलेल्या मोठ्या पिंपांवरून जाता जाता वाळतं. वाफ कमी पडली तर सूत ओलसर राहतं, बीमच्या रुळावर गुंडाळलेलं चिकटून बसतं, आणि मागवाला तो बीम परत आणून शेठच्या दारात आपटतो. म्हणजे सगळा खेळ वाफेचा, आणि वाफ बॉयलरची.

बॉयलर चाचांच्या ताब्यात होता. चाचा निजामपुऱ्यातलेच, तिथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. पंधराव्या वर्षापासून कोळसा ओढत आले होते. चाळिशीत मुंबईला जाऊन तोंडी परीक्षा दिली आणि बॉयलर चालवायचं सरकारी सर्टिफिकेट मिळवलं. ते फ्रेम करून बॉयलर-घराच्या भिंतीवर लावलेलं असायचं. तसा नियमच आहे. चाचा दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी त्या काचेवरची काजळी आपल्या रुमालाने पुसायचे. हाताखाली कोळसा टाकायला अंबाडीकडचा एक गडी होता. तो चाचांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान, पण चाचांशिवाय बॉयलरला हात लावायचा नाही.

त्या बॉयलर-घरात दाब आकड्यात सांगायची पद्धतच नव्हती. घड्याळाप्रमाणे सांगायचे. जुनं गेज पौंडांचं होतं, शून्य ते दोनशे. शून्य खाली डावीकडे, दोनशे खाली उजवीकडे, आणि शंभर बरोब्बर माथ्यावर, म्हणजे बारावर. बॉयलरला परवानगी शंभर पौंडांची, म्हणून काचेवर बारावर लाल रंगाची रेघ ओढलेली होती. रोजचं काम नव्वदच्या आसपास चालायचं. शिफ्ट बदलताना चाचा रात्रपाळीच्या फायरमनला, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याला, म्हणायचे, "साडेअकरा वाजलेत, संभाळ." आतून सायझिंगवाला ओरडायचा, "चाचा, किती वाजले?" आणि चाचा बघून सांगायचे, "अकरा. थोडा टाइम दे, साडेअकरा करतो." मी नवीन होतो तेव्हा एकदा खरंच मनगटावरचं घड्याळ बघून, "अहो, आत्ता तर चार वाजलेत," म्हणालो होतो. तो गडी महिनाभर मला हसत होता.

मला ते असलं हसणं मानवत नसे. मी पहिल्या वर्गाचा डिप्लोमावाला. घड्याळ बघून वाफ चालवणारी ही माणसं, आणि मी यांना शास्त्र शिकवायला आलेला. असा माज मला तेव्हा होता. आज तो आठवला की कान गरम होतात.

एका पावसाळ्याच्या तोंडावर जुनं गेज अडकायला लागलं. काटा साठावर येऊन हट्टाने बसायचा, टिचकी मारली की हलायचा. मी शेठकडून मंजुरी काढून मुंबईहून नवीन गेज आणलं. ते नव्या मापाचं होतं, चौरस सेंटिमीटरला किती किलो असं दाखवणारं, शून्य ते चौदा. पौंड सरकारने कधीचेच मोडीत काढले होते, पण भिवंडीत ते अजून बिनदिक्कत चालत होते. गेज बसवायला मी स्वतः शिडीवर चढलो. बॉयलर त्या दिवशी सफाईसाठी थंड होता.

शंभर पौंड म्हणजे सात किलो, हा हिशेब सोपा. नव्या डायलवरही सात बरोब्बर माथ्यावर, बारावर आले होते. चाचा खालून बघत होते. म्हणाले, "छान झालं साब. बारा ते बाराच. रेघ तिथेच ओढा."

इथे मी अक्कल पाजळली. मी म्हटलं, "थांबा चाचा, इतकं सोपं नसतं ते. हे किलो म्हणजे पुस्तकातलं माप. त्यात हवेचा दाब धरलेला असतो. आपल्या भोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोने दाबते. पौंडाच्या गेजात ती धरत नाहीत, किलोत धरतात. म्हणून सातात एक मिळवायचा. रेघ आठावर."

पुस्तकातले वाफेचे तक्ते खरोखर तसेच असतात. ते अगदी रिकाम्या पोकळीपासून मोजतात, म्हणून हवेचा एक किलो त्यांच्यात असतोच. गेज तसं मोजत नाही. गेज पौंडाचं असो की किलोचं, भोवतीच्या हवेपेक्षा आतली वाफ किती जास्त ढकलते एवढंच ते दाखवतं. त्याचं शून्य म्हणजे बाहेरची हवा. हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहून आलो होतो. पण डायलवर किलो बघितले आणि डोक्यात पुस्तकाचं पान उघडलं.

चाचांनी मान वर करून काटा बघितला. मग म्हणाले, "साब, एक पुछू? बॉयलर ठंडा आहे. मॅनहोल उघडं आहे. आत हवा आहे ना?"

"आहे ना."

"मग तो तुमचा एक किलो आत्ता पण आहे. हे गेज त्याला धरत असेल तर काटा एकावर पाहिजे. काटा तर शून्यावर आहे."

यापेक्षा स्वच्छ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. त्या क्षणी मला उत्तर कळलंही होतं. निदान कळायला लागलं होतं. पण गडी फावड्यावर हनुवटी टेकून ऐकत होता आणि त्याच्या मिशीखाली ते महिनाभराचं हसू मला दिसलं. मी म्हटलं, "चाचा, ते कंपनीने तसं ॲडजस्ट केलेलं असतं. तुम्ही कोळशाचं बघा." आणि बाराच्या पुढे, साडेबाराच्याही जरा पलीकडे, आठाच्या आकड्यावर काचेवर लाल रेघ ओढली.

चार-आठ दिवस चाचा आपलं साडेअकरावरच काम चालवत राहिले. मग पाऊस लागला, हवा दमट झाली आणि सूत ओलं उतरायला लागलं. शेठ माझ्यावर खेकसला. मी बॉयलर-घरात जाऊन चाचांना म्हटलं, "रेघ कशाला ओढली आहे? रेघेपर्यंत न्या." त्यांनी नेलं. काटा बारावर आला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. छपराखाली वाफेचा लोट, कानठळ्या बसवणारी शिट्टी. दुसऱ्या दिवशीही तेच. व्हॉल्व्ह शंभर पौंडांना लावलेला होता, आणि शंभर झाल्यावर त्याने उडायचं ते काम तो इमानाने करत होता. मी मात्र ठरवून टाकलं की व्हॉल्व्हच वेळेआधी उडतोय. तो जुन्या पद्धतीचा, दांडीवर वजन सरकवायचा होता. मी वर चढलो, खिळीची तार सोडली आणि वजन दोन बोटं बाहेर सरकवलं.

चाचांनी माझा हात धरला नाही, पण जवळजवळ धरला. "साब, त्याला नको हात लावू. गेज चुकेल, काटा चुकेल, मी चुकेन. तो एक आहे जो चुकत नाही."

मी म्हटलं, "जबाबदारी माझी."

हे मी तोंडाने बोललो. आजही त्या शब्दांचा आवाज माझ्या कानात स्पष्ट आहे.

त्यानंतर दहा-बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. सूत सुकं उतरत होतं, शेठने मला चहा पाजला. चाचांचं मात्र हसणं बंद झालं होतं. कुणी "किती वाजले?" विचारलं की ते नुसतं बोटाने गेज दाखवायचे. जेवायलाही बाहेर जात नव्हते, डबा बॉयलरसमोरच उघडायचे. मला वाटलं, म्हातारा रुसला आहे.

दुपारची वेळ होती, मी ऑफिसात डबा खात होतो. आधी काच फुटल्याचा आवाज आला आणि मागोमाग वाफेचा. धावत गेलो तर बॉयलर-घर पांढरं झालं होतं, काहीच दिसत नव्हतं. बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणारी जी उभी काचेची नळी असते ती फुटली होती. तिच्या वरून वाफ आणि खालून उकळतं पाणी बाहेर येत होतं. गडी दाराशी उभा राहून "चाचा आत हाय, चाचा आत हाय," म्हणत होता. मी दारात उभा राहिलो. आत गेलो नाही. मग तो आवाज हळूहळू कमी झाला, कारण चाचांनी वाफेत शिरून नळीचे दोन्ही कॉक हाताने बंद केले होते. उजव्या हाताने, कारण डाव्या हाताने तोंड झाकलेलं होतं. ते बाहेर आले तेव्हा उजव्या हाताची कातडी मनगटापासून लोंबत होती, आणि ते पहिल्यांदा काय म्हणाले, तर, "कोळसा ओढून काढा. पाणी बघा."

त्यांना दवाखान्यात पोहोचवून मी परत आलो. आता माणूस भाजला म्हटल्यावर बॉयलर इन्स्पेक्टर येणार, हे ठरलेलं. मी एका स्टुलावर बसून त्या गेजकडे बघत होतो. तोवर बॉयलरची वाफ सोडून दिली होती, काटा शून्यावर आला होता. अगदी शून्यावर. चाचांचा प्रश्न समोर भिंतीवर लिहिल्यासारखा दिसत होता, आणि आता त्याचं उत्तर टाळायला तिथे कुणी हसणारा नव्हता. चौदा पौंड जास्त. मी त्या बॉयलरला दहा-बारा दिवस चौदा पौंड जास्त चालवलं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी शिडी लावली. फडक्यावर रॉकेल घेऊन काचेवरची लाल रेघ पुसली आणि नवीन रेघ बारावर ओढली. व्हॉल्व्हचं वजन जुन्या खाचेत सरकवलं, तारही पूर्वीसारखी पिळून टाकली. हात कापत नव्हता. कापत होता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नव्हता कापत. नोकरी जाईल, खटला होईल, घरी वडिलांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी गडी सकाळी आला, गेजकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, रेघ व्हती तिथं न्हाय." मी म्हटलं, "काम कर." तो कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. माणूस शांत होता, उगाच आवाज चढवणारा नव्हता. त्यांनी गेज आपल्या गेजशी ताडून बघितलं, बरोबर निघालं. लाल रेघ सातावर, बरोबर. बॉयलर पेटवून व्हॉल्व्ह तपासला, काटा बारावर येताच उडाला. बरोबर. चाचा हाताला बँडेज बांधून आले होते, नियमाप्रमाणे त्यांना हजर राहणं भाग होतं. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "काच फुटली तेव्हा काटा कुठे होता?"

चाचा म्हणाले, "लाल रेघेवर, साब."

"म्हणजे बारावर?"

"नाही. साडेबाराच्या पुढे." असं म्हणून त्यांनी गेजकडे बोट दाखवायला डावा हात उचलला, आणि तो तसाच राहिला. रेघ बारावर होती. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी नाकाने एकदा हवा ओढली. त्या कोंदट खोलीत कोळशाच्या वासातही रॉकेलचा वास त्यांना आला असणार. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

इन्स्पेक्टर म्हणाले, "साडेबाराच्या पुढे काटा, आणि व्हॉल्व्ह उडाला नाही?"

"नाही उडाला."

"का नाही उडाला?"

चाचा माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही, घाईनेही नाही. मी डोळे खाली घातले आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. दंगलीनंतरच्या त्या वर्षांत भिवंडीत कुणी कुणावर बोट दाखवण्याआधी दहा वेळा विचार करत होता, त्यातून कामगाराने साहेबावर, त्यातून मुसलमानाने हिंदूवर. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याच्या आडोशाला उभा राहिलो. नुसता घाबरलो होतो असं म्हणून मला सुटता येणार नाही.

इन्स्पेक्टरांनी बराच वेळ वाट बघितली. मग स्वतःच उत्तर काढलं, आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होतं. असले फायरमन त्यांनी पुष्कळ बघितले होते, जे व्हॉल्व्हची शिट्टी नको म्हणून दांडीला वीट बांधतात आणि साहेब आले की सोडून ठेवतात. चाचा खोटं बोलले असते, "काटा बारावर होता, काच जुनी होती," एवढंच म्हणाले असते, तर सुटले असते. ते खरं बोलले, म्हणून अडकले. भिंतीवरची फ्रेम उतरवून इन्स्पेक्टरांनी सर्टिफिकेट काढून घेतलं. दोन वर्षांसाठी, आणि मग पुन्हा परीक्षा. शेठने त्याच दिवशी चाचांना जायला सांगितलं.

मी त्यांच्या घरी गेलो नाही. गड्याच्या हाती दोनदा औषध पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. वर्षभरात मीही ती नोकरी सोडली. एक अर्ज मात्र लिहून ठेवला होता, इन्स्पेक्टरांच्या नावाने, सगळं खरं खरं, तारीख तेवढी रिकामी. तो मी पाकिटात घालून हिंडत असे. दर सोमवारी टाकू म्हणायचो.

तीन-एक वर्षांनी, नव्या नोकरीतल्या मोटरसायकलवरून नाशिककडे निघालो होतो. वडप्याजवळ मागचं चाक बसल्यासारखं वाटलं म्हणून रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यासमोर थांबलो. ट्रकच्या टायरवर बसलेला माणूस उठला आणि मी ओळखायच्या आधी त्यांनी मला ओळखलं होतं. चाचांची दाढी पांढरी झाली होती. उजव्या हाताची बोटं आत वळून तशीच चिकटल्यासारखी झाली होती. हवेची नळी त्यांनी डाव्या हातात घेतली.

"किती टाकू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तीस."

त्यांनी नळी चाकाला लावली. हवेच्या मशीनवरचं छोटं गेज अजून पौंडांचंच होतं. काटा हलायला लागला. त्यांनी तो तिसावर येऊ दिला आणि मान वर न करता शांतपणे विचारलं, "तीसच ना? का त्यात हवेचे मिळवायचे?"

मी तिथेच खाली बसलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "चाचा, मी अर्ज लिहिलाय. माझ्याजवळच आहे. आजच टाकतो. सगळं लिहिलंय त्यात, रेघेचं, वजनाचं, सगळं. सर्टिफिकेट परत मिळेल तुम्हाला." आणि खरंच पाकिटातून तो कागद काढला. घड्या पडून पडून मधोमध फाटायला आला होता.

चाचांनी तो घेतला नाही. नळी काढली, चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपण बसवायला लागले. डाव्या हाताने ते नीट फिरत नव्हतं, दोनदा सुटलं. उजव्या हाताची ती वळलेली बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "आता याच्यात फावडं बसत नाही, कॉक बसत नाही. सर्टिफिकेट घेऊन काय करू?"

मी कागद घडी घालून परत पाकिटात ठेवला.

"त्या दिवशी इन्स्पेक्टरसाब गेटपर्यंत गेला ना," ते म्हणाले, "तोपर्यंत मी वाट बघत होतो. गाडीत बसला, तरी बघत होतो. मला वाटलं, पोरगा आहे, घाबरला असेल, आता बोलेल."

टोपण बसलं. त्यांनी ते अंगठ्याने दाबून बघितलं. मी पैसे काढले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि मागे उभ्या राहिलेल्या ट्रककडे वळले. ट्रकवाल्याला त्यांनी विचारलं, "किती टाकू?"